सध्या बघतोय

भांडुपला डोंगराच्या अंगावर वस्ती चढत गेलीय. तिथल्या एका घरी मी वर्षभरात चार वेळा गेले. खालची खोली भाड्याने दिलेली, वर घरची माणसं. वर जायला बाहेरून लोखंडी जिना, इतका उभा की पाठीवरची बॅग पोटावर घेतल्याशिवाय चढता यायचं नाही. तिसऱ्या की चौथ्या पायरीवर एक मुलगा मोबाइलमध्ये मान घालून बसला होता. मी ‘जरा’ म्हटलं, त्याचे गुडघे एका बाजूला झाले, मी वर गेले.

ही २०१८ च्या ऑगस्टमधली गोष्ट. तेव्हा मी सरकारी श्रमबळ सर्वेक्षणासाठी घरोघर फिरून माहिती घ्यायचं काम करत होते. एका एजन्सीमार्फत, कंत्राटावर. (त्याआधीची माझी नोकरी कशी गेली तो वेगळा विषय आहे, आणि कंटाळवाणा आहे.) हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र, पर्समध्ये पाण्याची बाटली आणि ग्लुकोजची बिस्किटं. आम्ही दारात दिसलो की लोकांना आधी वाटायचं एसआरएचा, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाचा, सर्व्हे आला. मग खुर्ची पुसून मिळायची, पंखा माझ्याकडे वळायचा. ‘एसआरए नाही हो, रोजगाराचा सर्व्हे आहे’ म्हटलं की पंखा पुन्हा होता तिकडे. एका काकांनी विचारलं, ‘रोजगार देणार का?’ म्हटलं, ‘नाही, मोजणार.’ ‘मग मोजा,’ म्हणाले आणि आत निघून गेले.

त्या जिन्यावरच्या घरात माणसं चार. वडील रिक्षा चालवतात, भाड्याची, अर्धी पाळी. आधी एलबीएस रोडवरच्या एका कंपनीत होते. कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत त्या रस्त्याला एके काळी दोन्ही बाजूंनी कंपन्याच होत्या. आता टॉवर आहेत आणि टॉवरखाली गाड्यांच्या शोरूम. कंपनी बंद पडली, त्यांनी हिशेब घेतला, तेव्हा मुलगा तिसरीत होता. आता तो चोवीसचा, बीकॉम, सेकंड क्लास. मुलगी बावीसची. आणि आई, जी सगळ्यांच्या वतीने उत्तरं देत होती. (नावं सांगत नाही, काही तपशील बदललेत. माहिती बाहेर जाणार नाही असं मी त्या माउलीला तोंड भरून सांगितलं होतं.)

‘मुलगा काय करतो?’

आईने जिन्याकडे बघितलं, मग माझ्या टॅबकडे.

‘सध्या बघतोय.’

मराठीत ‘बघणे’ हे फार कामाचं क्रियापद आहे. माणूस मुलगी बघतो, जागा बघतो, नोकरी बघतो. या सगळ्यात बघायचं ते काहीतरी समोर असतं. पण नोकरीच्या बाबतीत सहा महिने गेले की वाक्यातली ‘नोकरी’ गळून पडते आणि नुसतं ‘बघतोय’ उरतं. वर्ष झालं की त्याच्या मागे न बोलता ‘वाट’ येऊन उभी राहते. आणखी काही वर्षांनी ‘सध्या’ तेवढं राहतं. मी शेकडो घरांत हे उत्तर ऐकलं. कुणी ‘बेकार आहे’ म्हणत नाही. ‘बेकार’ आपल्याकडे शिवी आहे. बेकार पिक्चर, बेकार चहा.

आमच्या यादीत या उत्तराला एक आकडा होता, ८१. काम नव्हतं, पण शोधत होता, किंवा मिळालं असतं तर करायला तयार होता. रोजंदारीला ५१, पगारी नोकरीला ३१, स्वतःचा धंदा ११, घरच्या धंद्यात बिनपगारी मदत २१, शिक्षण चालू ९१, फक्त घरकाम ९२, आणि कशातच न बसणारे ९७. पहिल्या भेटीत मागच्या ३६५ दिवसांचं विचारायचं. पुढे दर तीन महिन्यांनी त्याच घरी जाऊन फक्त मागच्या सात दिवसांचं. शहरात एका घराला अशा चार भेटी.

८१ हा आकडा मिळवणं वाटतं तितकं सोपं नाही. सात दिवसांत एका दिवशी एक तास जरी काम केलं, तरी त्या आठवड्यापुरता माणूस कामावर. वर्षाच्या हिशेबात तो मुख्यतः बेकार असला, तरी तीसेक दिवसांचं जोडकाम निघालं की रोजगारात धरला जातो. हा नियम कुणी आपल्याला गंडवायला केलेला नाही, एका तासाची अट जगभर आहे. फक्त ती ज्या देशांत घडली तिथे काम गेलं की भत्ता सुरू होतो, म्हणून तिथला माणूस निवांतपणे बेकार राहू शकतो. तिकडे वर्षभर सलग काम नसलं की त्याला दीर्घकालीन बेकारी म्हणतात. भांडुपला वर्षभर सलग काहीच न करणारा माणूस शोधायचा तर आधी त्याला जेवू घालणारं माणूस शोधावं लागतं.

ते माणूस मला तिथेच, टॅबपासून तीन फुटांवर सापडलं. मुलीबद्दल विचारलं तर आई म्हणाली, ‘ही काही नाही करत, घरीच असते.’ मुलगी भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर स्टीलचं ताट, ताटात कानातल्यांचे पितळी सांगाडे, एका झाकणात गम, एका वाटीत पांढरे खडे. काडीला गम लावून खडा उचलायचा, सांगाड्याच्या घरात बसवायचा, काडीच्या मागच्या टोकाने दाबायचा. माझ्या एका प्रश्नाचं उत्तर येईपर्यंत तिचे चार खडे बसायचे. मान वर नाही. खोलीभर गमाचा वास.

‘आणि हे?’

‘ते काय काम आहे? टाइमपास. ग्रोसवर देतात.’

ग्रोस म्हणजे एकशे चव्वेचाळीस नग. असले टाइमपास खोदून काढायचे असं आम्हाला शिकवलं होतं, म्हणून मी खोदलं. सकाळी दोन तास, दुपारी तीन, रात्री टीव्हीसमोर. माल आणून देणाऱ्या बाईकडे वहीत हिशेब. मी तिला ११ दिलं, स्वतःचा धंदा. आई हसली. मुलगीही हसली, पण खडा पडू न देता. घरात मोबाइलचा रिचार्ज कोण करतं, हे सर्वेक्षणात विचारत नाहीत. मला ते चहा पिता पिता कळलं. भावाच्या रेल्वेच्या फॉर्मचे पैसेही तिनेच दिले होते.

त्या दिवशी उतरताना वाटलं, हे घर मी आधी बघितलंय.

ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, घरच्या कुणावर तरी सराव करा. मी माझ्या आईवर केला होता. आई तेव्हा अडुसष्टची, कान शाबूत, उत्तर द्यायची खुमखुमीही शाबूत. आजचं काय विचारायचं, म्हणून मी तिला म्हटलं, आपण १९८३ साल धरू. काळाचौकीची आपली खोली. घरप्रमुख, आण्णा, माझे वडील.

‘कुटुंबप्रमुख काय करत होते?’

‘काय करत नव्हते ते विचार की.’

आण्णा कापडगिरणीच्या साचेखात्यात होते. साचा म्हणजे माग. गिरणीत कुणी माग म्हणत नसे. मूळ गाव माण तालुक्यातलं, जिथे पाऊस पाहुण्यासारखा येतो. १९६३ साली मामाच्या ओळखीने मुंबईला आले आणि सहा वर्षं बदलीवर काढली. बदली कामगार म्हणजे रोज पाळी सुरू होताना गेटवर जाऊन उभं राहायचं. कुणी कायमवाला आला नाही तर त्याच्या जागी आत घेणार, नाहीतर घरी. तेव्हाही हजारो माणसं वर्षानुवर्षं बदलीवरच असत. त्यामुळे ‘तेव्हा सगळ्यांना नोकऱ्या होत्या’ हे गिरणगावचं लाडकं वाक्य मला पुरतं गिळता येत नाही. आणि साचेखात्यात तर आणखी एक गोम होती. धोट्याच्या, म्हणजे मागावर आडवं सूत नेणाऱ्या साधनाच्या, भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली तिथे दलितांना घेत नसत. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला होता. चांगली नोकरी ही कुणाला तरी बाहेर ठेवूनच चांगली होती.

आण्णांच्या हाताखाली दोन साचे. तिथला आवाज असा की समोरच्याचं बोलणं ओठांवरून वाचायचं. त्यामुळे ते घरी बोलले तरी चार खोल्या पलीकडे ऐकू जायचं. चाळीत कुणाला त्याचं काही वाटत नसे, निम्मी चाळ तशीच बोलायची.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले, नेते डॉ. दत्ता सामंत. मागण्या पगार, बोनस, बदलीवाल्यांना कायम करणं, आणि त्याच्याही मुळाशी मुंबई औद्योगिक संबंध कायदा, ज्याने गिरण्यांत एकाच मान्यताप्राप्त संघटनेला वाटाघाटीचा हक्क दिला होता. तो संप कुणी, कुठल्या तारखेला मागे घेतला? कुणीच नाही. मागे घेतल्याची घोषणा आजतागायत झालेली नाही. गिरण्या हळूहळू, अर्ध्यामुर्ध्या सुरू झाल्या. काहींना बोलावलं, काहींना नाही. १९८३ मध्ये सरकारने तेरा गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं. आण्णांची त्यात नव्हती.

आता गंमत बघा. आमच्या यादीत ७२ असा एक कोड आहे. पगारी नोकरी आहे, पण आजाराशिवाय इतर काही कारणाने या आठवड्यात कामावर गेला नाही. संपावरचा माणूस त्यात बसतो. तो बेकार नाही, त्याला नोकरी आहे. आईची मुलाखत घेताना मी टॅबवर ७२ टाकलं आणि थांबले. संप चालू आहे तोवर ७२. संप तर संपलेलाच नाही. आण्णा २००४ साली गेले, तोपर्यंत बावीस वर्षं ते एका अर्थाने फक्त ‘या आठवड्यात कामावर नव्हते’.

‘हसतेस काय? पुढं विचार,’ आई म्हणाली.

पुढे म्हणजे ८३ चा उन्हाळा. आण्णा गावी गेले आणि हमीवर लागले. पाझर तलावाचं काम होतं. सुताचं तुटलेलं टोक चिमटीत धरून डोळ्याचं पातं लवायच्या आत गाठ मारणारा हात पाटीने माती वाहू लागला. कोड ४१, सरकारी कामावरची रोजंदारी. रोजगार हमी योजना महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या पुढाकारातून उभी राहिली, आणि तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम. फक्त ते खेड्यात मागायचं. तिच्यासाठी पैसा उभा करायला १९७५ मध्ये पगारदारांवर व्यवसाय कर बसवला, तो आजही कापला जातो. माझ्या त्या कंत्राटी पगारातूनही महिन्याला २०० रुपये जायचे, फेब्रुवारीत ३००. ऑफिसात सगळे त्याला ‘पीटी’ म्हणत आणि कशासाठी कापतात ते कुणालाच माहीत नसे. परळमध्ये उभं राहून आण्णांना काम मागायचा हक्क नव्हता. तो मिळवायला त्यांना एसटीने रात्रभर प्रवास करून माणला जावं लागलं.

पावसाळ्यात परत आले. गोदीजवळ गोण्या उचलल्या. मग भिवंडी. गिरण्यांतून भंगारात निघालेले साचे तिकडे गेले होते, आणि साच्यांच्या मागे माणसं. तिथे बारा तासांची पाळी, मीटरवर पैसे, ना पास ना हजेरी ना फंड. आण्णांना तो कारखाना गोठ्यासारखा वाटायचा. सात-आठ महिन्यांत परत आले. मग एका दुकानात रात्रीची राखण, मग भाजीची पाटी, मग कुणाच्या तरी लग्नात वाढप्याचं काम. १९८६ मध्ये त्यांनी गिरणीतला हिशेब उचलला आणि त्या पैशांत गावच्या घराचे पत्रे बदलले. नोकरी त्यांना पुन्हा लागली नाही, आणि रिकामा असा आठवडाही आला नाही. सर्वेक्षणवाली बाई कुठल्याही मंगळवारी आली असती, तरी तिला तास-दोन तासांचं काहीतरी सापडलंच असतं.

‘आणि तुम्ही?’ मी आईला विचारलं. ‘त्या वर्षी काय करत होतात?’

‘मी? मी काय, घरीच.’

नऊ मेंबर जेवायचे आमच्याकडे. गावाकडे बायकापोरं ठेवून आलेले गिरणीवाले, त्यांची खानावळ आई चालवायची. दहा बाय बाराच्या खोलीत तीन-तीनच्या पंगती, पाळ्यांप्रमाणे. पहाटे चारला स्टोव्ह पेटायचा. अशा बायका गिरणगावात हजारोंनी होत्या. सावकाराच्या तावडीतून सोडवून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून देता यावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. संपात आईचे मेंबर एकेक करून गावी गेले, काहींच्या उधारीसकट. उरले तीन. मग तिने दुकानांना पोळ्या लाटून द्यायला घेतल्या. सकाळचे डबे आण्णा पोचवायचे. म्हणजे कोड २१, घरच्या धंद्यातला बिनपगारी मदतनीस. माझा बाप माझ्या आईच्या हाताखाली कामाला होता, आणि बाई म्हणते, मी घरीच.

हे सगळं डोक्यात असताना मी भांडुपचा तो जिना उतरत होते. शिकलेल्यांमध्ये बेकारी जास्त, हे वाचलं की लोक शिक्षणाला नावं ठेवतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांच्या २०२४ च्या अहवालात ते स्पष्टच आहे: २०२२ मध्ये देशातल्या पदवीधर तरुणांत बेकारी २९.१ टक्के, आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्यात ३.४. पण न शिकलेल्याला काम मिळतं असा याचा अर्थ नाही. त्याला बघत बसणं परवडत नाही, इतकाच. बघत राहायला ऐपत लागते, आणि ती बहुतेक वेळा घरातल्या एखाद्या बाईच्या ताटात असते. तिला विचारलं तर ती म्हणते, टाइमपास.

नोव्हेंबरमध्ये दुसऱ्यांदा गेले. मुलगा जिन्यावरच होता, पण या वेळी स्वतःहून बोलला. रेल्वेचा पेपर द्यायला नागपूरला जाऊन आला होता. ५०० रुपये फी, पेपरला बसलं की त्यातले ४०० परत. त्या वर्षी रेल्वेने सुमारे ९० हजार जागा काढल्या आणि अर्ज आले दोन कोटींहून जास्त. ‘बघू,’ म्हणाला. मी पुन्हा ८१ टाकलं. त्याची आई चहा ओतत म्हणाली, ‘ताई, तुमचं हे काम पर्मनंट आहे का?’

‘नाही हो, वर्षभराचं.’

‘मग पुढं?’

‘बघतेय,’ मी म्हटलं. आम्ही दोघी हसलो. मुलगी नाही हसली, ती खडे मोजत होती.

तिसऱ्यांदा, फेब्रुवारीत, जिना मोकळा होता. मला बरं वाटलं. माझी माहिती निम्मी भरून झाली तेवढ्यात तो आला, हातात हेल्मेट. मित्राची बाइक घेऊन जेवणाच्या डिलिव्हरीला जायला लागला होता. बाइक मित्राला लागत नसेल तेव्हाच. त्या आठवड्यात दोन संध्याकाळी मिळाली. सगळे मिळून सात तास. पेट्रोल वजा करून काय उरलं ते त्याने सांगितलं, मी इथे लिहीत नाही.

मी कोड भरू लागले तसा तो वाकून टॅबमध्ये बघायला लागला.

‘मॅडम, हे काम म्हणून लिहू नका.’

‘सात तास केलंत ना?’

‘केलं. पण हे काम नाहीये.’

‘मग काय आहे?’

तो जरा विचारात पडला. ‘हे असंच.’

एक तास पुरे होता, त्याने सात केले होते. मी लिहिलं. नियमाप्रमाणे तो आता कामावर होता. उतरताना मला चोरी केल्यासारखं वाटत होतं, आणि नेमकी कुणाची ते कळत नव्हतं.

गिरण्यांच्या जागी मॉल झाले हे वाक्य आपण सगळ्यांनी इतक्यांदा वाचलंय की ते आता दुःखसुद्धा देत नाही. मला त्यापेक्षा दुसरी गोष्ट टोचते. कारखाने संपले असं तर नाही. ते मुंबईतून उठून भिवंडीला, चाकणला, सिल्वासाला, वापीला गेले आणि वाढलेही. माल वाढला. पण आण्णांच्या दोन साच्यांच्या जागी आता बिनधोट्याचे वेगवान माग आहेत आणि एकच माणूस डझनभर सांभाळतो. देशातल्या शंभर कामकऱ्यांमधले अकरा-बाराच कारखानदारीत आहेत, आणि हा आकडा वर्षानुवर्षं तिथेच अडून आहे. नोंदणीकृत कारखान्यांतले शंभरातले चाळीस कामगार कंत्राटी. म्हणजे बदलीची पद्धत गेली नाही. फक्त पूर्वी सहा वर्षांनी का होईना, बदलीवाला कायम व्हायचा.

मे महिन्यात मी शेवटची गेले. तो जिन्यावर होता. मित्राने बाइक विकली होती. रेल्वेचं काही झालं नव्हतं. वर जाऊन मी नेहमीचे प्रश्न सुरू केले. तो दारात उभा राहून उत्तरं देत होता.

‘मागच्या सात दिवसांत काही काम?’

‘नाही.’

‘शोधलं?’

‘नाही.’

‘मिळालं असतं तर केलं असतं?’

‘कोणतं?’

यादीत ‘कोणतं’ नव्हतं. मी म्हटलं, ‘कोणतंही.’

त्याने बहिणीच्या ताटाकडे बघितलं. पुष्कळ वेळ गेला. ‘नाही,’ म्हणाला.

जो शोधत नाही आणि तयारही नाही तो बेकार नसतो. तो श्रमबळाच्या बाहेर जातो, बेकारीचा टक्का काढायच्या भाजकातूनच वजा होतो. ९७. नऊ महिन्यांत त्या मुलाचा प्रवास असा झाला: बेकार, बेकार, कामावर, बाहेर. एकही नोकरी न लागता त्याची बेकारी संपली. चारही भेटींत न चुकता ‘कामावर’ असे दोघेच, रिक्षावाला बाप आणि काहीच न करणारी मुलगी.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ३१ मे २०१९ ला, आदल्या वर्षाचा अहवाल जाहीर झाला. २०१७-१८ मध्ये बेकारी ६.१ टक्के. पंचेचाळीस वर्षांतली सर्वाधिक, म्हणून पेपरांत मथळे आले. पुढच्या वर्षीचा आकडा ५.८, त्यात आमचा जिन्यावरचा मुलगा आहे, त्याच्या पहिल्या ८१ सकट. मग तो उतरत गेला, २०२२-२३ मध्ये ३.२ झाला आणि २०२३-२४ मध्येही तितकाच राहिला. आणि त्या २०२४ च्याच जुलैमध्ये कलिन्याला विमानतळावर सामान चढवायच्या कामासाठी दोन-सव्वादोन हजार जागांची भरती निघाली, तर हजारोंचा लोंढा आला. मी त्या दिवशी रिक्षात अडकले होते. रिक्षावाला म्हणाला, ‘देव आलाय का कुठला?’ प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये मार्कशीट घेतलेली पोरं गाड्यांमधून वाट काढत होती. ३.२ हा आकडा खोटा नाही, मी तो कसा शिजतो ते आतून बघितलंय. त्यातल्या कामकऱ्यांमध्ये ५८.४ टक्के स्वयंरोजगारवाले आहेत, आणि एकूण कामकऱ्यांचा जवळजवळ पाचवा हिस्सा घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणारा. म्हणजे तीच ती खानावळ, तेच डबे पोचवणारे आण्णा.

शेवटच्या भेटीच्या रात्री मी आईला त्या मुलाचं सगळं सांगितलं. आईला कोडबिडमध्ये रस नव्हता. ती भाजी निवडत होती.

आण्णांचं सांगायची राहिलेली एक गोष्ट तिने तेव्हा सांगितली. संपानंतर दुसऱ्या दिवाळीच्या सुमाराला त्यांचा आवाज खाली आला. चार खोल्या पलीकडे जाणारा आवाज शेजारच्या पाटावरही ऐकू येईना. तिला वाटलं घसा बसला, म्हणून आठ दिवस हळदीचं दूध दिलं. ‘मग कळलं, घशाला काय झालं नव्हतं.’ लोक विचारायचे, तुमचे मालक घरी बसलेत का? ती म्हणायची, घरी बसायला जागा कुठंय? दिवसभर पंगती. आण्णा एकतर डबे पोचवायला, नाहीतर चाळीच्या दारातल्या नळाच्या कठड्यावर. पाणी भरायला बायका आल्या की तिथूनही उठायचे.

मेथीची जुडी संपली. तिने देठं गोळा केली आणि विचारलं, ‘मग तो पोरगा दिवसभर बसतो कुठं?’

‘जिन्यावर.’

‘आणि कुणी आलं की?’

‘गुडघे बाजूला घेतो.’